टाकीचं औक्षण

माझ्या सासूबाईंनी आयुष्यातलं शेवटचं औक्षण केलं ते एका मोटरसायकलला, आणि ओवाळता ओवाळता त्या मोटरसायकलची टाकी पेटली. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. गाडीला ओवाळलं म्हणून नाही, दसऱ्याला सगळेच ओवाळतात. टाकी पेटली म्हणून हसतो. मग मी सांगते की सासूबाई विधवा होत्या, नको नको म्हणत होत्या आणि मीच त्यांना हाताला धरून पुढे केलं होतं. त्यानंतर कोणी हसत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. पनवेलला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे फरशी घातलेलं एवढंसं अंगण. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरीला. मी घरी रेडियमचं काम करायची, म्हणजे मागे चिकट असलेला रंगीत चमकदार कागद ब्लेडने कापून अक्षरं काढायची आणि गाड्यांवर लावायची. नंबर प्लेटी, देवांची नावं, 'आईचा आशीर्वाद', टँकरच्या पाठीवर 'अत्यंत ज्वलनशील'. कळंबोलीला ट्रकांचा तळ असल्यामुळे कामाला तोटा नव्हता. ड्रायव्हर दारात येऊन मालक कुठे आहेत असं विचारायचे आणि मी ब्लेड हातात घेऊनच सांगायची की मालक तुमच्यासमोर उभा आहे. पुण्यात वाढलेली, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिलेली, थोडी शिष्टच होते मी.

सासूबाई चिरनेरकडच्या एका खेड्यातल्या. माझे सासरे फार लवकर गेले, मुलगा तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हता. त्यांनी शेतावर आणि मग पनवेलला लोकांच्या घरी कामं करून त्याला शिकवलं. अशी बाई, पण घरात हळदीकुंकू असलं की मागच्या खोलीत जाऊन वेलची सोलत बसायची. मुलाचा वाढदिवस असो की पाडवा, तबक मी घ्यायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मी पुढं नाय व्हायची." पुढं होणं म्हणजे शुभ कामात हात लावणं. ज्या बाईने सगळ्या संसाराला एकटीने हात लावला तिने तबकाला लावायचा नाही, याचा मला मनस्वी राग यायचा. तो राग मी त्यांच्यावरच काढायची, हे मात्र तेव्हा लक्षात येत नव्हतं.

नवऱ्याला एकच वेड होतं, धुळीतल्या शर्यतीचं. कळंबोलीच्या पलीकडे मातीचा भराव टाकून ठेवलेली मोकळी जागा होती. तिथे काही हौशी मंडळी रविवारी उंचवटे आणि खड्डे करून मोटरसायकली पळवायची. आमचे हे दर रविवारी नखशिखांत लाल होऊन घरी यायचे आणि सासूबाई अंगणातच त्यांच्यावर बादली ओतायच्या. पडण्या-आपटण्यात गाडीच्या पत्र्याच्या टाकीला पोचे पडायचे. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका ओळखीच्याकडून परदेशी शर्यतीच्या गाडीची जुनी प्लास्टिकची टाकी आणली आणि खटपट करून आपल्या गाडीवर बसवली. पांढरी, दुधट रंगाची, उजेडात धरली तर आतलं पेट्रोल किती आहे ते बाहेरून दिसावं अशी. तिला हात लावून बघायला अर्धी आळी आली होती.

टायरचं दुकान असलेल्या कळंबोलीच्या एका शेटनी यांना शर्यतीचे खास खाचांचे टायर दिले. अट एकच, टाकीच्या दोन्ही बाजूंना दुकानाचं नाव हवं आणि ते शर्यत संपेपर्यंत वाचता आलं पाहिजे. नाव लावायचं काम अर्थातच माझं. मी मन लावून पिवळ्यावर लाल अक्षरं कापली, खाली काळी सावली दिली. शनिवारी लावलं तेव्हा सुरेख दिसत होतं. रविवारी सकाळी त्यावर फोड आले होते, मोठे, बोटाने दाबले तर सरकणारे. शर्यतीत एकेक अक्षर उडत गेलं आणि शेवटी टाकीवर फक्त 'टायर' एवढंच उरलं. शेट म्हणाले, जाहिरात छान झाली, जगातल्या सगळ्या टायरवाल्यांची झाली. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठी शर्यत होती, तेव्हा नाव टिकलं तर ठीक, नाहीतर टायर परत आणून द्या असंही त्यांनी हसत हसत सांगितलं. हे घरी येऊन जेवले नाहीत.

मला ते फार लागलं. ट्रकच्या फळीवर, एसटीच्या पत्र्यावर, हातगाडीच्या लाकडावर माझी अक्षरं वर्षानुवर्षं टिकायची, आणि या एका टाकीवर रात्रभर टिकेनात. मी कागद बदलला. टाकी साबणाने धुतली, मग स्पिरिटने पुसली. कडांना नेलपॉलिश लावून त्या बंद केल्या, तर फोड आणखी मोठे आले. आधी वाटलं माझा हात बिघडला, मग वाटलं कागदवाल्याने फसवलं. कागदवाल्याशी जाऊन भांडूनही आले.

कोडं सोडवलं सासूबाईंनी. मी कपाळाला हात लावून बसले होते आणि त्या गोधडीची सुई घेऊन एक फोड टोचत होत्या. टोचला, नाक जवळ नेलं आणि म्हणाल्या, "याला पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, टाकीलाच येत असेल. त्या म्हणाल्या, नाय, आतून येतोय. मग त्यांनी मोरीतला आमचा रॉकेलचा प्लास्टिकचा डबा दाखवला. झाकण घट्ट, कुठे भोक नाही, तरी डबा बाहेरून नेहमी ओशट. त्यावर चिकटवलेलं दुकानदाराचं लेबल असंच सुटून पडलं होतं. पत्र्याच्या डब्यावरचं मात्र जसंच्या तसं होतं. मी पाहतच राहिले. प्लास्टिकमधून पेट्रोलची वाफ हळूहळू पाझरत होती आणि माझा कागद आतून ढकलत होती. दोन परीक्षा दिलेल्या बाईला जे कळलं नाही ते शाळेत न गेलेल्या बाईने वासावरून सांगितलं, आणि मी त्यांना सरळ मिठीच मारली. त्या अवघडल्या, पण त्या दिवशी खूप हसल्या.

मग आम्ही दोघींनी मिळून पद्धत बसवली. वाफेला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून स्टिकरला आधीच बारीक भोकं पाडायची. ते काम सासूबाईंनी घेतलं. खाली घडी घातलेलं कांबळं, त्यावर स्टिकर, आणि दुपारभर सुईने ओळीत टोचे, इतके बारीक की हातभरावरून दिसू नयेत. दुसरं म्हणजे टाकी पूर्ण उपसायची आणि झाकण काढून दोन दिवस उघडी ठेवायची, म्हणजे आतली वाफ तोंडातून जाईल, स्टिकरच्या मागे लागणार नाही. तिसरं, इस्त्रीवर तापवलेल्या फडक्याने स्टिकर दाबून बसवायचा आणि शर्यतीच्या सकाळपर्यंत पेट्रोल भरायचं नाही. हा शेवटचा नियम माझा, आणि झाकण उघडं ठेवायचा नियमही माझाच. नवऱ्याने चुकून झाकण लावलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्टिकर लावला. दसऱ्याला सकाळी बघतो तर एक फोड नाही. कडा घट्ट, अक्षरं टाकीवरच छापल्यासारखी. आम्ही तिघं अंगणात उभं राहून नुसते बघत होतो. नवऱ्याने गाडी धुतली, मी हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. टाकीचं उघडं तोंड वाईट दिसत होतं म्हणून त्यावर झेंडूचं एक टपोरं फूल ठेवलं. झाकण मात्र लावलं नाही.

तबक तयार झालं आणि माझ्या डोक्यात आलं की आज ओवाळायचं ते सासूबाईंनी. त्या नेहमीप्रमाणे मागच्या खोलीकडे निघाल्या होत्या. मी आडवी गेले. म्हटलं, आई, या गाडीवर तुमच्या हातचे हजारो टोचे आहेत, तुमचाच मान आहे. त्या म्हणाल्या, "मी पुढं नाय व्हायची, पोरी. आज तर नायच. रविवारी शर्यत हाय त्याची." मी ऐकलं नाही. त्यांच्या त्या समजुतीवर मी बरंच बोलले, तावातावाने. शेजारची बाई दारात उभी होती, तिच्या देखत बोलले. तिने नाक मुरडलेलं मला दिसलं आणि मला आणखी चेव आला. नवरा म्हणाला, ओवाळ ना आई, मला आवडेल. त्यावर त्या आत जाऊन धुवट पातळ नेसून आल्या. तबक हातात घेतलं, गाडीजवळ गेल्या आणि तिथे थांबून मला विचारलं, "पेट्रोल नाय ना त्यात?"

मी म्हटलं, "रिकामी आहे. थेंबसुद्धा नाही."

त्यांनी कुंकवाचं बोट हँडलला लावलं, अक्षता टाकल्या. पहिल्यांदा ओवाळताना तबक दूर होतं. दुसऱ्यांदा त्या थोड्या वाकल्या, कारण त्यांना स्टिकरलाही ओवाळायचं होतं, तो त्यांच्या हातचा होता. निरांजन टाकीच्या तोंडाजवळून गेलं. आवाज झाला तो फटाक्यासारखा नव्हता, खोल आणि जड होता, भप्प असा. झेंडूचं फूल वर उडालं. टाकीच्या तोंडातून पुरुषभर उंचीची ज्वाळ निघाली आणि टाकी शिवणीवर उभी चिरली. मी ते सगळं पाहिलं आणि माझे पाय हलले नाहीत. तबक खाली पडल्याचं मला दिसलं, पण पडल्याचा आवाज ऐकू आला नाही. सासूबाईंचा पदर पेटला होता आणि त्या तो विझवत नव्हत्या. त्या आपल्या मुलाकडे बघत होत्या, त्याला काही झालं का म्हणून.

मी किंचाळले, "तुम्ही पुढे कशाला झालात!"

नवऱ्याने झेप घेऊन त्यांना मागे ओढलं, पदर फरशीवर चोळून विझवला आणि गाडी धुतलेलं बादलीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं. ज्वाळ तोवर आपोआप विझलीही होती. सगळा प्रकार दहा-वीस आकडे मोजेपर्यंत संपला असेल. सासूबाईंच्या भुवया जळाल्या होत्या, केसांचा वास येत होता आणि उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत सोलवटली होती. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात शेजारची बाई कोणाला तरी म्हणाली की म्हणूनच जुनी माणसं सांगत होती. तिचा आवाज मुद्दाम मोठा नव्हता, पण अंगणात दुसरा आवाजच नव्हता.

डॉक्टरांकडे जायला रिक्षा आणली. निघताना माझी नजर गाडीवर गेली. टाकी फुटून वाकडी झाली होती, आतून काळी पडली होती, आणि डाव्या बाजूचा स्टिकर जसाच्या तसा होता. एक कोपरा उचललेला नव्हता, एक फोड नव्हता.

डोळे वाचले. हात बरा व्हायला दोन महिने गेले आणि दोन बोटं पुढे कधी पूर्ण सरळ झाली नाहीत. नवऱ्याने रविवारी शर्यतीला न जाता टायर परत नेऊन दिले. शेट भले होते, घेत नव्हते, यांनी ठेवून दिले आणि निघून आले. घरात कोणीच कोणाला दोष देत नव्हतं, आणि तेच मला असह्य होत होतं. टाकी का पेटली हे आम्हा तिघांनाही कळत नव्हतं. रिकामी होती. मी स्वतः उपसली होती, उलटी धरून झटकली होती. रात्री अंथरुणावर पडलं की हाच विचार. आणि खरं सांगते, त्या आठवड्यात, सुधारक म्हणवणाऱ्या माझ्या डोक्यात दोनदा-तीनदा येऊन गेलं की शेजारीण म्हणते त्यात काही असेल का. मी ते कोणाला बोलले नाही.

मग एक टँकरचा ड्रायव्हर मागची अक्षरं नवीन करून घ्यायला आला. 'अत्यंत ज्वलनशील', तीच. मी कापत असताना त्याने सासूबाईंच्या हाताचं विचारलं. मी सांगितलं तसा तो उभाच राहिला. म्हणाला, बाई, भरल्या टँकरपेक्षा आम्ही रिकाम्याला घाबरतो. वेल्डिंगवाला रिकाम्या टँकरला हात लावत नाही, आधी तो पाण्याने काठोकाठ भरायला लावतो. पेट्रोल काढलं तरी वाफ आतच बसते, जड असते, दोन दिवस तोंड उघडं ठेवून ती जात नाही, आणि वर हवा मिसळली की मग दिवा दाखवायचाच अवकाश. तो हे सगळं अगदी सहज सांगत होता. माझ्या हातात ब्लेड होतं आणि समोर 'ज्वलनशील'मधला 'ज्व' होता. ही अक्षरं मी कितीतरी टँकरना कापून दिली होती. रिकाम्या टँकरवरची ती कधीच कोणी झाकत नाही, हे मी रोज बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. झाकण लागलेलं असतं तर काही झालं नसतं. झाकण मी लावू दिलं नव्हतं.

सासूबाईंना मीच भरवायची, उजवा हात बांधलेला होता ना. त्या संध्याकाळी वरणभाताचे घास देता देता मी सगळं सांगितलं. वाफ, हवा, झाकण, माझा नियम. म्हटलं, आई, यात तुमचं काही नाही, सगळं माझं आहे. मी ओवाळलं असतं तरी पेटलीच असती, कोणी सवाष्णीने ओवाळलं असतं तरी पेटली असती. हवं तर त्या ड्रायव्हरला घरी बोलावते. मी रडत होते. त्या शांतपणे घास खात होत्या. रॉकेलचा डबा ज्यांनी वासावरून ओळखला त्यांना वाफेची गोष्ट समजायला वेळ लागला नाही. त्यांनी दोन प्रश्नही विचारले, मुद्द्याचे. मला वाटलं, सुटले.

पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पेट्रोलचं समजलं मला. ते खरं हाय. पन तू जे ओरडलीस, ते काय पेट्रोल नव्हतं."

मी म्हटलं, आई, मी तसं नव्हतं म्हटलं. पुढे म्हणजे टाकीच्या पुढे, जवळ कशाला गेलात, एवढंच. भीतीने ओरडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बरं म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मी जिंकले असते. त्या नुसत्या बरं म्हणाल्या.

त्यानंतर त्या चौदा वर्षं होत्या. आमच्यावर माया करण्यात तसूभर कमी केलं नाही. माझी मुलगी झाली तिला न्हाऊमाखू त्यांनीच घातलं, त्या दोन वाकड्या बोटांसकट. पण तबकाला पुन्हा हात लावला नाही, आणि मीही पुन्हा कधी आग्रह केला नाही. 'मी पुढं नाय व्हायची' हे वाक्यसुद्धा त्यांनी बंद केलं. निरांजन लावलं की न बोलता उठून जायच्या.

अंगणात मी जे ओरडले त्याचा माझा अर्थ मी पुढे अनेकदा सांगितला. त्यांना, नवऱ्याला, मुलीला, त्या शेजारणीलासुद्धा. सगळ्यांना तो पटला. फक्त मला पटत नाही. मला अंगण आठवतं, ज्वाळ आठवते, माझं तोंड उघडलेलं आठवतं, आणि त्या एका क्षणी मी टाकीबद्दल ओरडले की त्यांच्या कपाळाबद्दल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.